'ऑपरेशन यशस्वी झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

उंबरठा
बाबांच्या बायपासला आज सहा आठवडे आणि दोन दिवस झाले. वय ६७, तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या), साखर आहे पण आटोक्यात. सर्जन बाहेर आले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाले, "छान झालंय, काळजी नको." आम्ही आधी रडलो, मग सगळ्यांना फोन केले.

आत्ताची परिस्थिती सांगते. बाबा खुर्चीत बसून झोपतात. कुशीवर वळलं की छातीत 'कट्' वाजतं म्हणतात, म्हणून पलंगाचं नाव काढत नाहीत. जिथून शीर काढली त्या पायाला सूज आहे. खोकला आला की आधी उशी शोधतात, ती छातीशी घट्ट धरतात आणि मग खोकतात. ज्या माणसाला मी आयुष्यात एकदा रडताना पाहिलं, तो परवा टीव्हीवरची जाहिरात बघून रडला. दादा म्हणतो, "अगं ऑपरेशन यशस्वी झालंय, तू उगाच किस पाडतेस." इको चांगला आहे, रिपोर्ट चांगले आहेत. मग मी ज्याला यश म्हणते आणि रुग्णालय ज्याला यश म्हणतं ते एकच आहे का? हे मोजतं कोण आणि कसं? ज्यांच्या घरी हृदयाचं किंवा छातीचं मोठं ऑपरेशन झालंय त्यांनी खरं काय ते लिहा. धीर देणारं लिहिलंत तरी चालेल, पण खरं लिहा.

चकोर
वाचतोय. घरात हाच विषय चालू आहे.

टाकेवाला
उंबरठाताई, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या बाबांच्या जागी होतो. चार ग्राफ्ट. छातीचं हाड मधोमध कापतात, काम झालं की स्टीलच्या तारांनी शिवतात. त्या तारा आता माझ्याबरोबरच जाणार. एक्स-रेत बघितल्या, वहीची स्पायरल दिसते तशा दिसतात.

सहाव्या आठवड्याला मी असाच होतो. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला तीन महिने, हे मला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं. मी ते 'सहा आठवड्यांनी सगळं पूर्वीसारखं' असं ऐकलं. चूक माझीच. रडण्याचं म्हणाल तर मी एका क्रिकेट सामन्यात समोरचा संघ हरला म्हणून रडलो होतो.

रोखठोक
मोजतं कोण? जो ऑपरेशन करतो तोच मोजतो. परीक्षार्थीनेच पेपर तपासायचा. 'आमचं यशाचं प्रमाण ९९ टक्के' अशी पाटी बघितली की मी पहिल्यांदा विचारतो, कशाचे ९९? कुठल्या रुग्णांतले? उत्तर आजवर मिळालेलं नाही.

गॅसवाला
भूलतज्ज्ञ आहे, हृदयाच्या शस्त्रक्रियांनाच बसतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी महत्त्वाचं. उंबरठाताई, ते 'कट्' अंगावर काढू नका. बहुतेक वेळा ते बरगड्यांच्या सांध्यातून येतं आणि निरुपद्रवी असतं. पण हाड नीट जुळलं नसेल, तारा सैल झाल्या असतील तरीही असाच आवाज येतो. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, खोकताना हाडाच्या दोन कडा हलल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर आजच दाखवा. नसेल तरी या आठवड्यात दाखवा. साखर आहे म्हणून जास्त आग्रह.

दुसरं, आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून ते खुर्चीत झोपतात की दुखतं म्हणून? दम लागत असेल तर गोष्ट वेगळी आहे. छातीत पाणी साठलं असू शकतं किंवा हृदयावर ताण असू शकतो. पायाच्या सुजेबरोबर रोज सकाळचं वजनही लिहून ठेवा.

आता मोजमाप. रुग्णालय ज्याला यश म्हणतं ते बहुतेकदा एवढंच असतं: ३० दिवसांनी माणूस जिवंत आहे का, आणि पहिल्या मुक्कामातच घरी गेला का. नियोजित, साध्या बायपासमध्ये मृत्यूचं प्रमाण चांगल्या केंद्रांत शंभरात एक-दोन असतं. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. रुग्णाचं वय, मूत्रपिंडं, हृदयाची ताकद, तातडीची केस होती का, हे सगळं धरून आधी अपेक्षित धोका काढतात आणि मग प्रत्यक्ष काय झालं त्याच्याशी ताडून पाहतात. १९९९ साली युरोपात यासाठी युरोस्कोर आला. पुढे शस्त्रक्रिया सुधारल्या, स्कोर मात्र तसाच राहिला आणि धोका फुगवून सांगू लागला. म्हणजे जुना स्कोर लावला की प्रत्येक सर्जन हुशार दिसायचा. म्हणून २०१२ मध्ये सुधारलेला युरोस्कोर २ काढावा लागला.

तर रोखठोक, 'कशाचे ९९' हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. तो पाटीसमोर उभं राहून नाही, ओपीडीत सर्जनसमोर बसून विचारायचा.

सुपारी
>> जुना स्कोर लावला की प्रत्येक सर्जन हुशार दिसायचा

आमच्या मुलाचे गुण आता कुठल्या वर्षीच्या पेपराशी ताडायचे ते कळलं. (दिवा घ्या)

मधली सुट्टी
आईची झडप बदलली. डॉक्टरांनी हृदयाबद्दल सगळं समजावलं होतं, तिसऱ्या रात्रीबद्दल चकार शब्द नाही. रात्री दोनला आयसीयूतून फोन. आई सलाइन उपटत होती. नर्सला म्हणत होती की तू माझ्या माहेरची जमीन बळकावलीस. मला ओळखलं, पण मी शाळेत का गेले नाही म्हणून रागावली. मी ४१ वर्षांची आहे.

दोन दिवसांत उतरलं. नंतर कळलं की याला डिलिरियम म्हणतात आणि वयस्कर माणसांत हृदयाच्या ऑपरेशननंतर हे बरंच होतं. चष्मा आणि कानाचं यंत्र आयसीयूत जाऊ द्या, ओळखीचा आवाज ऐकू द्या, दिवस आहे की रात्र ते पुन्हा पुन्हा सांगत राहा. एवढ्यानं फरक पडतो. आमच्या आईचा चष्मा तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता. ते अजून टोचतं.

चकोर
ताई, चष्म्याचं लिहिलंत ते बरं झालं. पुढच्या आठवड्यात काकांचं आहे. बॅगेत वर ठेवतो.

तिसरा मजला
पण मेंदूवर कायमचा परिणाम होतो ना? ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमुळे? मी वाचलंय की बायपासनंतर निम्म्या लोकांची स्मरणशक्ती जाते.

गॅसवाला
'जाते' नाही, 'चाचणीत घसरते'. तुम्ही म्हणताय तो २००१ चा ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास. घरी जाताना ५३ टक्के लोकांत घसरण, सहा आठवड्यांनी ३६, सहा महिन्यांनी २४ आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२. या शेवटच्या आकड्यानं खळबळ उडाली. पण त्यात तुलनेला ऑपरेशन न झालेले हृदयरोगी नव्हते. पुढच्या अभ्यासांत ते घेतले तेव्हा दिसलं की काही वर्षांनी तेही जवळपास तेवढेच घसरतात. म्हणजे दोष बराचसा वयाचा आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा. मशीन न लावता बायपास करूनही पाच वर्षांनी फरक पडला नाही, हे हॉलंडच्या अभ्यासात २००७ मध्ये दिसलं. पहिल्या काही आठवड्यांचा विसरभोळेपणा मात्र खरा आहे. त्यात मोठे व्यवहार, सह्या वगैरे टाळाव्यात.

तिसरा मजला
धन्यवाद. माझ्या सासऱ्यांनी उसने घेतलेले पैसे विसरण्याचं कारण मशीन नाही तर!

दीड फुप्फुस
धाग्यात छाती म्हटलंय आणि सगळे हृदयावरच थांबलेत. माझी बाजू मांडतो.

डाव्या फुप्फुसाला दोन खंड असतात, माझा वरचा काढला. गाठ लवकर सापडली, नशीब. छाती बाजूनं, बरगड्यांमधून उघडली. शंभर पावलांत दम लागायचा, तो चौथ्या महिन्यापर्यंत बराच कमी झाला. दुखणं मात्र राहिलं. बरगडीखालची नस दुखावते. तिथे शर्ट नुसता घासला तरी करंट लागल्यासारखं होतं आणि बोटानं दाबलं तर काही कळत नाही. बायको म्हणायची, दुखतंय की बधिर आहे, एक काहीतरी ठरवा. दोन्ही होतं! बऱ्याच लोकांना हे महिनोन् महिने राहतं, हे मला दुसऱ्या एका रुग्णाकडून कळलं. डॉक्टरांच्या कागदावर 'रिकव्हरी अनइव्हेंटफुल', म्हणजे काही त्रास न होता बरे झाले, असं छान अक्षरात लिहिलं होतं.

आता बऱ्याच ठिकाणी छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीनं करतात. ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना झाली, निकाल २०२२ मध्ये आले. पाच आठवड्यांनी दुर्बिणवाल्यांची हालचाल, कामं करण्याची क्षमता जास्त चांगली होती. आवडलं ते हे की त्यांनी मुख्य प्रश्न 'जगला का' असा न ठेवता 'पाच आठवड्यांनी शरीरानं काय काय जमतंय' असा ठेवला.

दीड फुप्फुस
आणि एक किस्सा राहिला. अख्खं फुप्फुस एका वेळी काढून कर्करोगाचा रुग्ण वाचवला तो पहिल्यांदा १९३३ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसला. सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम. रुग्ण स्वतः प्रसूतितज्ज्ञ होता. पुढे ग्रॅहमनीच सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारं काम केलं, पण ते स्वतः वर्षानुवर्षं ओढत आले होते. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानंच गेले. एका फुप्फुसाचा रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षं जगला.

सुपारी
हे वाचून पाकीट खिशातून टेबलावर आलं. कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचलं की कळवतो.

रोखठोक
डॉक्टर, तुमचं अपेक्षित धोका वगैरे मान्य. पण मग आकडे सरळ जाहीर का करत नाहीत? सर्जनच्या नावासकट. लोक बघून घेतील.

गॅसवाला
केलेत. न्यूयॉर्क राज्यानं १९८९ पासून बायपासचे आकडे गोळा केले, आधी रुग्णालयांचे आणि मग सर्जनच्या नावानिशी छापले. सर्जनचे तर एका वृत्तपत्रानं कोर्टात जाऊन मिळवले. पहिल्या तीन-चार वर्षांत धोका हिशोबात धरून मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्क्यांनी खाली आलं.

आता दुसरी बाजू. पेनसिल्व्हेनियातही असंच जाहीर होऊ लागल्यावर १९९६ च्या पाहणीत ६३ टक्के सर्जन म्हणाले की अत्यवस्थ रुग्णाला हात लावायची आमची तयारी कमी झालीय. ज्याला ऑपरेशनची सगळ्यात जास्त गरज, तोच दारातून परत. तो मेला तर कुणाच्याच आकड्यात नाही.

आणि लपवलं तर काय होतं? इंग्लंडमधलं ब्रिस्टल. लहान मुलांची हृदयं. १९९१ ते ९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं इतर केंद्रांच्या मानानं जास्त गेली, असं २००१ च्या चौकशी अहवालात म्हटलंय. आतून आवाज उठवणारा स्टीफन बोल्सिन भूलतज्ज्ञ होता. त्याला शेवटी देश सोडून ऑस्ट्रेलियात जावं लागलं. आमच्या जमातीचा आहे म्हणून सांगतोय असं समजा हवं तर.

पानगळ
रोखठोक, नुसत्या आकड्यांवर गेलं तर जॉन गिबनचं काय कराल? हार्ट-लंग मशीनवर यशस्वी झालेली पहिली शस्त्रक्रिया त्याची, मे १९५३. १८ वर्षांची मुलगी, हृदयातलं छिद्र बुजवलं, ती वाचली. त्याच्या आधीचं एक बाळ गेलं होतं, नंतरच्या दोन लहान मुली गेल्या. चारांत एक. त्यानंतर त्यानं स्वतःच हात आखडता घेतला. तुमच्या जाहीर यादीत तो तळाला असता.

रोखठोक
असता. आणि मी त्या चारांपैकी एकाचा बाप असतो तर मला ते आधी कळायला हवं होतं. इतिहास घडवायला माझी ना नाही, पण मला विचारून घडवा.

पानगळ
याला माझ्याकडे उत्तर नाही.

निरांजन
बरेच दिवस लिहू की नको करत होते.

माझी आई. बायपास, बाराव्या दिवशी घरी. सव्विसाव्या दिवशी ताप, जखमेतून पाणी. हाडाच्या आतपर्यंत संसर्ग गेला होता. पुन्हा उघडलं, साफ केलं, तारा काढल्या. चौतिसाव्या दिवशी गेली.

नंतर एकदा मी रुग्णालयाच्या माहितीपत्रकात ३० दिवसांचा तो आकडा वाचला. त्या आकड्यात माझी आई जिवंत आहे.

मला कुणावर आरोप करायचा नाही. तिला साखर होती, वजन होतं. असा खोल संसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, हे मला आता माहीत आहे. उंबरठाताई, तुमच्या बाबांना दाखवलंत का? कृपया दाखवा.

टाकेवाला
निरांजनताई, काय लिहावं कळत नाही. वाचलं.

गॅसवाला
निरांजनताई, वाईट वाटलं. पहिल्या मुक्कामातच रुग्ण गेला तर काही नोंदवह्यांत ३० दिवसांनंतरचा मृत्यूही धरतात, पण घरी जाऊन परत आलेला आणि चौतिसाव्या दिवशी गेलेला माणूस त्यातूनही निसटतो. म्हणूनच ९० दिवसांचा आकडा बघावा असं आता बरेचजण म्हणतात. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियांत तर ९० दिवसांचं प्रमाण ३० दिवसांच्या जवळपास दुप्पट निघतं. मी रोज ज्यांना भूल देतो त्यांच्यातल्या किती जणांना नव्वदाव्या दिवशी मी ओळखतो? खरं सांगायचं तर एकालाही नाही. माझं काम ते आयसीयूत डोळे उघडतात तिथे संपतं.

फिजिओताई
उशिरा आले. बाबांच्या रोजच्या दिवसाबद्दल थोडं.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर घरी कोपऱ्यात पडलं असेल तर काढा. चेंडू उडवायची स्पर्धा नाही ती. श्वास सावकाश आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचा. नातवंडं फुंकर मारतात, ते उलटं आहे.

'हात वर करायचाच नाही, काही उचलायचंच नाही' या भीतीनं माणसं खांदे आखडून बसतात. आता बऱ्याच ठिकाणी आम्ही वेगळं शिकवतो. कोपरं अंगालगत ठेवा, अंगाभोवती एक अरुंद नळी आहे असं समजा, त्या नळीत राहून काम करा. खुर्चीतून उठताना हातांनी रेटा देऊ नका, पुढे सरका, पाय मागे घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा.

हार्ट रिहॅबला घाला. देखरेखीखालचा व्यायाम, औषधं, मन, सगळं त्यात येतं. त्यानं हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी होतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. तरी दहा जणांना सांगितलं की दोघं येतात. उरलेले म्हणतात, ऑपरेशन झालं ना, आता कशाला.

आणि रडणं. पाचातल्या एकाला तरी बायपासनंतर खरं नैराश्य येतं. चार-सहा आठवड्यांत ओसरलं तर ठीक. टिकलं तर 'मनाला लावून घेऊ नका' हा उपचार नाही, डॉक्टरांना सांगा. अशा रुग्णांचं हृदयही सावकाश सावरतं.

घड्याळ
अवांतर: माझी झडप धातूची-कार्बनची. शांत खोलीत टिकटिक ऐकू येते. बायको सुरुवातीला झोपायची नाही, आता मी गावाला गेलो की तिला झोप येत नाही. धाकटा पुतण्या लपाछपीत मला घेत नाही, "काकांचा आवाज येतो" म्हणून.

यश म्हणाल तर नऊ वर्षं झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर तपासणी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली असती तर ती गोळी सुटली असती, पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजून पुन्हा ऑपरेशन आलं असतं. मी ४४ चा होतो, हे निवडलं. निवड मला करायला दिली, हे मला ऑपरेशनइतकंच मोलाचं वाटतं.

टाकेवाला
ग्राफ्टचंही तसंच. छातीच्या आतली धमनी जोडली असेल तर दहा वर्षांनी दहातल्या नऊ चालू असतात. पायाच्या शिरांपैकी जेमतेम निम्म्या किंवा थोड्या जास्त. माझी एक धमनी, तीन शिरा. म्हणून सर्जन म्हणाले होते, "मी नळ बदललेत, पाणी तुम्ही स्वच्छ ठेवायचं." कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, चुकवत नाही.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, विशेषतः निरांजनताई. तुमचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी बाबांना घेऊन गेले.

सर्जननी हाडावर तळवा ठेवला आणि बाबांना खोकायला सांगितलं. मग मलाही हात ठेवू दिला. हाड घट्ट आहे, कुठे हलत नाही. 'कट्' बरगडीच्या सांध्यातून येतंय. आडवं झाल्यावर दम लागत नाही, एक्स-रेत पाणी नाही. गॅसवाला, तुमचे दोन्ही प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते.

मी त्यांना विचारलं, तुमच्या मते यश कशाला म्हणायचं. ते थोडे थांबले. म्हणाले, "मला तीन महिन्यांनी रुग्ण दिसत नाही तेव्हा मी समजतो की तो बरा आहे." मी निरांजनताईंच्या आईंबद्दल सांगितलं. यावर ते काही बोलले नाहीत, पण बाबांच्या फाइलवर त्यांनी नव्वदाव्या दिवसाची तारीख लिहिली आणि त्या दिवशी यायला सांगितलं.

आईनं वही केलीय. वजन, साखर, पावलं, 'आज रडले / नाही'. शेवटच्या रकान्यात गेले चार दिवस 'नाही' आहे. रिहॅब सोमवारपासून.

बाबांनी आज हा धागा माझ्या फोनवर सगळा वाचला. त्यांचा एकच प्रश्न आहे, टाईप करायला लावलाय: टाकेवाला, पलंगावर परत कधी गेलात आणि कुठल्या कुशीवर?

टाकेवाला
काका, सातव्या आठवड्यात. आधी पाठीवर, पाठीमागे दोन उशा. मग उजव्या कुशीवर, पोटाशी एक उशी धरून. उशी सोडायची नाही. वळताना खांदा आणि कंबर एकदम वळवायची, ओंडका लोटतात तशी. पहिल्या रात्री 'कट्' वाजलंच. मी अर्धा तास तसाच पडून राहिलो आणि मग झोप लागली.

उंबरठा
वाचून दाखवलं. उशी मागतायत.